व्हिम उघडतानाच रखडतो

प्रश्न : भाऊ, व्हिम या टेक्स्ट एडिटरसाठी सिनियरची व्हिमआरसी, म्हणजे सेटिंगची फाइल, जशीच्या तशी उचलली. तिच्यात चाळीसेक प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) आहेत. व्हिम उघडतानाच रखडतो आणि परवा सगळे अपडेट केल्यापासून लाल अक्षरांत एररच एरर. त्यात क्लायंटच्या सर्व्हरवर इंटरनेट नाही. प्लगइन बसवायला-अपडेट करायला कोणता प्लगइन मॅनेजर घेऊ?
— एक वाचक, गायत्रीनगर, नागपूर

उत्तर : चाळीस? बाप्पा! मॅनेजरचं मागाहून बघू, आधी चोर पकडा. टर्मिनलमध्ये व्हिम सुरू करताना पुढे दोन डॅश लावून 'क्लीन' द्या. तुमची व्हिमआरसी आणि प्लगइन बाजूला ठेवून तो उघडेल. चटकन उघडला, तर दोष व्हिमचा नाही. मग दोन डॅश 'स्टार्टअपटाइम' आणि पुढे एखाद्या फाइलचं नाव द्या. कोणत्या स्क्रिप्टने किती मिलिसेकंद खाल्ले, ते त्या फाइलीत ओळीने मिळतं. बहुतेकदा दोनतीनच खादाड निघतात.

बाकीचे प्लगइन लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यांसारखे माळ्यावर पडलेले असतात. फाइली चाळायला नेटआरडब्ल्यू नावाचा प्लगइन व्हिमसोबतच येतो. व्हिममध्ये 'एक्सप्लोर' ही कमांड द्या, झालं. कंस-टॅगच्या जोड्यांवर उड्या मारणारं मॅचइटही आतच असतं, 'पॅकॲड' ही कमांड देऊन जागं करायचं. स्वतः वापरलेलं आठवत नाही ते सरळ काढा. सिनियरला काय वाटेल, तो विचार करू नका.

उरलेल्या पाचसहांसाठी मी तरी मॅनेजर लावत नाही. 2016 सालच्या व्हिम 8 पासून ती सोय आतच आहे. तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट-व्हिम या फोल्डरात 'पॅक', त्यात हव्या त्या नावाचं फोल्डर, त्यात 'स्टार्ट'. इथे ठेवलेला प्लगइन आपोआप सुरू होतो. 'स्टार्ट'शेजारी 'ऑप्ट' केलं, तर त्यातला प्लगइन फक्त 'पॅकॲड' म्हटल्यावर सुरू होतो. शेवटी एकदा 'हेल्पटॅग्ज ऑल' चालवा, नाहीतर मदतीची पानं सापडत नाहीत. इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवर हेच 'पॅक' टार करून, म्हणजे एका फाइलीत बांधून, न्यायचं. (निओव्हिम या व्हिमच्या नव्या भावंडात रचना हीच, जागा वेगळी.)

एररचं म्हणाल, तर प्लगइन गिटने (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने) घेतलेला असेल तर त्याच्या फोल्डरात गिट लॉग बघून मागच्या कमिटवर, म्हणजे आधीच्या नोंदीवर, जा. एकेक करून. सगळे एकदम अपडेट करायची हौस असेलच, तर व्हिम-प्लग हा मॅनेजर घ्या. आणि अपडेटच्या आधी 'प्लगस्नॅपशॉट' काढून ठेवा, म्हणजे परतीची वाट राहते.

आणि हो, क्लायंटच्या सर्व्हरवर काही टाकण्याआधी त्यांच्या ॲडमिनला विचारा. प्लगइन तुमच्याच लॉगिनच्या परवानग्यांवर चालतो. जे तुम्ही पुसू शकता, ते तोही पुसू शकतो.