परस्पर हमी आणि शेतकऱ्याचे कर्ज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पीककर्जाविषयी या सदरात लिहिल्यानंतर पुणे जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : तारण द्यायला काही नसेल आणि शेतकरीच एकमेकांच्या मागे उभे राहिले, तर बँक कर्ज देते का, आणि अशा उभे राहणाऱ्याच्या डोक्यावर नेमके काय येते. त्यांपैकी चार पत्रांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही पाच जण खंडाने जमीन कसतो. सातबारा मूळ मालकाच्या नावावर असल्यामुळे बँक दारात उभे करत नाही. पाच जणांनी गट करून एकमेकांची हमी दिली तर कर्ज मिळते, असे ऐकले. हे खरे आहे का? आणि एकाने थकवले तर उरलेल्या चौघांवर किती बोजा येतो? (शिरूर तालुका)

हे खरे आहे. या व्यवस्थेला जेएलजी, म्हणजे संयुक्त दायित्व गट, म्हणतात. नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, २००४-०५ मध्ये ती प्रायोगिक स्वरूपात सुरू केली आणि ती मुख्यतः आपल्यासारख्यांसाठीच आहे : खंडकरी, वाटेकरी, तोंडी कराराने जमीन कसणारे आणि नावावर अगदी थोडी जमीन असलेले शेतकरी. गटात चार ते दहा सदस्य असतात, ते एकाच परिसरातले आणि साधारण सारख्या परिस्थितीतले असावे लागतात, एका कुटुंबातून एकालाच घेतले जाते आणि आधीचा थकबाकीदार गटात चालत नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेतही तोंडी कराराने कसणारे आणि वाटेकरी पात्र आहेत, त्यामुळे ‘सातबारा नाही म्हणून कर्ज नाही’ एवढेच उत्तर शाखेतून मिळाले, तर नकाराचे कारण लेखी मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. जमीनमालक लेखी करार करून देत नाहीत, कारण कूळकायद्याने जमीन हातची जाईल ही धास्ती त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. ही अडचण आम्हाला ठाऊक आहे, आणि गटाच्या मार्गाने जाण्याचे खरे कारणही तेच आहे.

आता जबाबदारीचा प्रश्न. तो सही करण्यापूर्वी विचारलात हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक जण तो कर्ज थकल्यावर विचारतात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. समजा, पाच जणांनी प्रत्येकी ८०,००० रुपये घेतले आणि एकाचे संपूर्ण ८०,००० थकले. चौघांत वाटणी केली तर प्रत्येकी २०,००० येतात आणि कलम १४६ मध्ये सहजामीनदारांच्या समान वाट्याचे तत्त्व आहे. परंतु ही वाटणी तुमची आपसातली आहे. बँकेवर ती बंधनकारक नाही. बँक संपूर्ण ८०,००० एकाच सदस्याकडे मागू शकते. त्याने ते भरले तर उरलेल्या तिघांकडून प्रत्येकी २०,००० मागण्याचा आणि मूळ कर्जदाराकडून रक्कम वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. मात्र तो हक्क बजावण्याचा खटाटोप त्यालाच करावा लागतो.

गटकर्जाचे दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक सदस्याचे खाते वेगळे असते आणि बाकीचे त्याचे जामीनदार असतात. दुसऱ्यात कर्ज गटाच्या नावावर एकच असते आणि सगळेच कर्जदार ठरतात. आमचे स्पष्ट मत असे की, पहिला प्रकार मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण कोणी किती उचलले आणि कोणी किती फेडले, हे त्यात पासबुकावर दिसते. ज्यांच्या नावावर स्वतःची जमीन आहे, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने विनातारण कृषिकर्जाची मर्यादा प्रत्येक कर्जदारामागे १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये केली आहे. तेवढ्या कर्जासाठी जमीन गहाण मागितली जात असेल, तर शाखेला या तरतुदीची आठवण करून द्यावी.

प्रश्न : युरोपातील काही देशांत शेतकरी आणि लहान उद्योजक स्वतःच्या वर्गणीतून हमी देणाऱ्या संस्था चालवतात, असे वाचले. आमच्या भागात कांदा आणि टोमॅटो करणारे आम्ही शंभरएक शेतकरी अशी संस्था काढू शकतो का? (जुन्नर तालुका)

स्पेनमध्ये अशा परस्पर हमी संस्थांसाठी १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि इटलीत ‘कॉन्फिदी’ नावाने त्या दीर्घकाळ काम करत आल्या आहेत. सदस्य भागभांडवल भरतात, त्यातून निधी उभा राहतो आणि सदस्याच्या कर्जाच्या काही हिश्श्याची हमी संस्था बँकेला देते. कर्ज बँकच देते. संस्थेचे काम सदस्याला पारखण्याचे असते. कोणाची विहीर उन्हाळ्यात आटते, कोण मागचे देणे हात राखून फेडतो, कोणाच्या घरात आजारपणाचा खर्च आहे, ही माहिती बँकेच्या अर्जात कधीच येत नाही. ती शेजारच्या शेतकऱ्याला असते. आणि त्या शेजाऱ्याचे स्वतःचे पैसे निधीत अडकलेले असल्यामुळे तो भिडेपोटी चुकीच्या माणसाची शिफारस करत नाही. या पद्धतीची सारी ताकद या दोन गोष्टींत आहे.

पुणे जिल्ह्याला हा विचार परका नाही. १८७५ मध्ये सुपे आणि शिरूर भागात सावकारांच्या दप्तरांवर शेतकऱ्यांचा रोष कोसळला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यानंतर मुंबई इलाख्यातील ब्रिटिश अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात प्रायोगिक शेती बँक काढण्याची योजना मांडली. न्यायमूर्ती रानडे यांचा तिला पाठिंबा होता, हिंदुस्थान सरकारही अनुकूल होते. परंतु लंडनहून भारतमंत्र्यांनी संमती नाकारली. पुढे १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ग्रामीण सोसायट्या आल्या, त्या जर्मनीत ग्रामीण पतसंस्थांचा पाया घालणाऱ्या रायफायझन यांच्या नमुन्यावर बेतलेल्या होत्या आणि त्यांत सदस्यांची जबाबदारी अमर्यादित होती. म्हणजे सोसायटी बुडाली तर प्रत्येक सदस्य आपल्या साऱ्या मालमत्तेनिशी उत्तरदायी. हीसुद्धा परस्पर हमीच होती, आणि अतिशय कठोर हमी होती. आजच्या विकास सोसायट्यांचे मूळ तेथे आहे. मर्यादित जबाबदारी आल्यावर सदस्यांवरचे ओझे हलके झाले हे योग्यच झाले, पण त्याबरोबर शेजाऱ्याच्या कर्जावर लक्ष ठेवण्याची निकडही ओसरली. मार्च अखेरीस कागदोपत्री ‘नवे-जुने’ करून, म्हणजे नव्या कर्जातून जुने फेडल्याचे दाखवून, वसुली दाखवण्याची रीत कित्येक गावांत रुळली ती यामुळेच, असे आम्हाला वाटते.

आपल्या प्रस्तावातला खरा धोका मात्र वेगळा आहे, आणि तो कृपया नीट तपासावा. शंभर सदस्य आहेत, प्रत्येकाने ५,००० रुपये भरले, तर ५ लाखांचा निधी होतो. त्यावर बँकेने ५० लाखांची कर्जे दिली आणि संस्थेने निम्म्या रकमेची हमी घेतली, तर हमीची जबाबदारी २५ लाख झाली. एखाद्या वर्षी तीन-चार सदस्यांची कर्जे बुडाली, तर निधी ते सोसेल. पण कांद्याचा भाव पडतो तेव्हा तो शंभरांपैकी चौघांसाठी पडत नाही, सगळ्यांसाठी पडतो. अवकाळी पाऊस आणि गारपीट यांचेही तसेच. ज्यांनी एकमेकांना हमी दिली आहे, ते सारे एकाच आठवड्यात अडचणीत येतात आणि ज्या वर्षी हमी हवी, त्याच वर्षी निधी रिकामा होतो. दुकानदारांच्या किंवा कारागिरांच्या हमी संस्थेत हा धोका इतका तीव्र नसतो, कारण सुताराचा धंदा बसला म्हणून शिंप्याचा बसत नाही. युरोपातही म्हणूनच या संस्थांच्या मागे सरकारी प्रतिहमी असते, म्हणजे संस्थेने बँकेला भरलेल्या रकमेचा काही भाग सार्वजनिक निधीतून परत मिळतो.

एका तालुक्यातील, दोनच पिके घेणाऱ्या आणि पाठीशी प्रतिहमी नसलेल्या शेतकऱ्यांनी केवळ आपल्या निधीवर अशी संस्था काढू नये, असा आमचा सल्ला आहे. इच्छा पक्की असेल, तर शेतकरी उत्पादक कंपनीच्या, म्हणजे शेतकरीच भागधारक असलेल्या कंपनीच्या, रूपाने एकत्र यावे, दूध, द्राक्ष, भाजीपाला अशी निरनिराळी उत्पन्ने असलेले सदस्य घ्यावेत आणि पुढील उत्तरात सांगितलेल्या सरकारी हमीचा आधार घ्यावा.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला सीताफळ आणि अंजिराच्या शीतगृहासाठी ४० लाखांचे कर्ज हवे आहे. बँक संचालकांच्या जमिनी गहाण मागते. सरकारची हमी योजना आहे असे कळले. वर्तमानपत्रात ‘म्युच्युअल क्रेडिट गॅरंटी स्कीम’ही वाचली. ती हीच का? (पुरंदर तालुका)

ती ही नव्हे. २०२५ च्या जानेवारीत मंजूर झालेली ती योजना सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांना यंत्रसामग्रीसाठी दिल्या जाणाऱ्या १०० कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांना ६० टक्के हमी देते. तिचा पीककर्जाशी संबंध नाही.

आपल्या उपयोगाचा आहे तो दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या २०२० मधील केंद्रीय योजनेतला पत हमी निधी, जो नाबार्डची ‘नॅबसंरक्षण’ ही उपकंपनी सांभाळते. १ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के हमी मिळते. १ कोटीच्या वर आणि २ कोटींपर्यंत ७५ टक्के. आपल्या ४० लाखांतील ३४ लाखांची जोखीम त्यामुळे बँकेच्या डोक्यावरून उतरते. अट अशी की, कर्ज तारण आणि तिऱ्हाइताची हमी न घेता दिलेले असावे, म्हणून जमिनी गहाण मागणे आणि या हमीचा लाभ घेणे एकत्र बसत नाही. संचालकांच्या वैयक्तिक सह्यांविषयी बँकेची भूमिका काय आहे, ते लेखी घ्यावे. हमीसाठी अर्ज बँकेने करायचा असतो, कंपनीने नव्हे. त्यामुळे शाखेत चर्चा करताना ‘आमच्या कर्जासाठी नॅबसंरक्षणची हमी घेणार का’ असा थेट प्रश्न विचारावा. कापणीनंतरच्या सुविधांसाठीच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याजसवलतही मिळते, ती वेगळी मागावी.

संचालक मंडळाच्या बैठकीत सर्व सदस्यांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हमी बँकेला मिळते. कर्ज थकून बँकेने हमीची रक्कम घेतली, तरी कंपनीचे देणे माफ होत नाही आणि वसुली चालूच राहते. ‘सरकार भरणार आहे’ असा समज सभासदांत पसरला, तर चांगली चाललेली कंपनीही दोन हंगामांत थकबाकीदार होऊ शकते.

प्रश्न : चुलतभावाच्या कर्जाला मी जामीन राहिलो. त्याचे हप्ते थकले आणि आता माझेच पीककर्ज अडले आहे. जामीनकी काढून घेता येते का? (इंदापूर तालुका)

दिलेल्या कर्जापुरती ती एकतर्फी काढून घेता येत नाही. जामीनकी चालू स्वरूपाची असेल, म्हणजे पुढे वेळोवेळी उचलल्या जाणाऱ्या रकमांसाठीही असेल, तर करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे बँकेला लेखी सूचना देऊन पुढील व्यवहारांसाठी ती थांबवता येते. ही सूचना आजच द्या आणि पोच घ्या. त्यानंतर कर्जखात्याचा उतारा आणि आपण सही केलेल्या हमीपत्राची प्रत मागा. आपल्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या असतील तर त्यापुढील व्यवहारांच्या जबाबदारीतून सुटण्यासाठी कलम १३३ चा आधार मिळू शकतो, मात्र पुष्कळ बँकांच्या छापील हमीपत्रांत हा हक्क जामीनदाराने आधीच सोडलेला असतो, म्हणून कागद वकिलांना दाखवल्यावाचून त्यावर विसंबू नये.

जामीनकीची नोंद आपल्या पतअहवालातही येते, त्यामुळे आपले कर्ज नेमके त्या नोंदीमुळे अडले आहे की अन्य कारणाने, हे अहवाल काढून पाहावे. भावाच्या वतीने काही भरण्याची वेळ आली, तर रोख रक्कम त्याच्या हाती देऊ नका. थेट कर्जखात्यात भरा आणि पावतीवर ‘जामीनदाराने भरणा केला’ असे लिहून घ्या. ती रक्कम भावाकडून परत मागण्याचा हक्क कलम १४५ ने आपल्याला दिलेला आहे, आणि तो सिद्ध करायला ती पावती लागेल.