मालकाची किंमत आणि आपला अंदाज

लातूरचे जे जुने घर तुम्ही विकत घेऊ पाहता, त्यासाठी मालक सांगतात ती किंमत तुम्हाला अवाजवी वाटते, हे मला पटते. परंतु बैठकीत ‘फार जास्त सांगता’ एवढेच म्हणून काहीही साधत नाही, उलट आयुष्याची कमाई त्या भिंतींत घातलेला माणूस दुखावतो. त्याऐवजी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून त्याच भागातील अलीकडच्या व्यवहारांचे सूची क्रमांक २ चे उतारे, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखतांचे सारांश, काढा, कारण त्यांत दस्तातील मोबदला (खरेदीची लिहिलेली रक्कम) आणि सरकारी दराने काढलेला बाजारभाव हे दोन्ही आकडे असतात. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जमीन-घरांचा, दर मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो. त्यालाच घराची खरी किंमत समजू नका.

आपल्या मराठवाड्यात मात्र पाणी पाहिल्याशिवाय किमतीचे बोलणेच करू नये. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, म्हणून ऐन मे महिन्यात त्या घरी जा, बोअर चालू करायला सांगा, धार किती वेळ टिकते ते स्वतः उभे राहून पाहा आणि नळाला किती दिवसांआड पाणी येते ते शेजाऱ्यांना विचारा. मी असाच एकदा भरदुपारी गेलो होतो, तेव्हा दहा मिनिटांत धार तुटून पाइपातून नुसती हवा येऊ लागली आणि मालकांनी स्वतःहून किंमत उतरवली.

जागा गुंठेवारीतील, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने पाडलेल्या भूखंडांतील, असेल, तर नियमितीकरणाचा खर्च कोणी सोसायचा हे लेखी ठरल्याशिवाय इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका.