बरोक संगीत म्हणजे नेमकं काय आणि ते ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "ऐकून पाहिलं, पण व्हायोलिनं भराभर वाजत राहतात, सगळं सारखंच वाटतं, कान कुठे ठेवायचा ते कळत नाही." माझंही नेमकं हेच झालं होतं, म्हणून उत्तर लिहायला बसले.

माझं सांगणं एवढंच आहे: वरची व्हायोलिनं सध्या सोडा, खालचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांची ओळ, धरा.

लहानपणी थोरला भाऊ तबल्याचा रियाज करायचा आणि मी पेटीवर लेहरा धरायचे. तीनतालातली सोळा मात्रांची तीच ओळ, तास तास. तो कायदे, रेले, तिहाया हवं ते वाजवायचा, पण समेवर यायला त्याचा कान माझ्या पेटीकडे असायचा. पुढे कितीतरी वर्षांनी पाखेलबेल या जर्मन संगीतकाराचा 'कॅनन' ऐकताना माझी बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली. खाली चक्क लेहरा चालला होता!

घरी पेटी असेल तर आत्ताच वाजवून बघा. पांढरी दोनचा षड्ज धरा आणि तार षड्जापासून खाली या: सां, प, ध, ग, म, सा, म, प. सगळे शुद्ध स्वर, एका मात्रेला एक. ही आठ स्वरांची ओळ त्या रचनेत 28 वेळा येते, एकदाही न बदलता. पहिलं आवर्तन नुसतं खर्जाचं. मग एक व्हायोलिन चाल सुरू करतं. आवर्तन संपलं की दुसरं व्हायोलिन तीच चाल पहिल्यापासून धरतं, आणखी एका आवर्तनानंतर तिसरं. तिघंही तेच वाजवत असतात, फक्त एकमेकांच्या मागे. खालची ओळ मनात पक्की बसली की वरचा गुंता आपोआप सुटतो. (रेकॉर्डिंगशी सूर जुळला नाही तर काळी एक धरून बघा. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारी मंडळी बहुधा अर्धा स्वर खाली लावतात.)

आता काळाबद्दल. साधारण 1600 ते 1750 या दीडशे वर्षांना बरोक म्हणतात. शब्द पोर्तुगीज, 'बारोको' म्हणजे ओबडधोबड आकाराचा मोती. नाव नंतरच्या लोकांनी दिलं, आणि तेही नावं ठेवायलाच: फार नक्षी, फार पिळे! जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिका पाहिली असेल, तर वेदीमागचं ते सोनेरी कोरीवकाम आठवा. ती वास्तू 1605 साली पूर्ण झाली, म्हणजे हे संगीत नुकतं डोळे उघडत होतं तेव्हा.

त्याआधी युरोपातल्या चर्चसंगीतात चार-पाच आवाज बरोबरीने एकमेकांत विणलेले असायचे. सुंदर असायचं, पण शब्द हरवायचे. 1600च्या आसपास फ्लॉरेन्समधल्या काही कवी-संगीतकारांनी धरलं की प्राचीन ग्रीक नाटकासारखं एकट्या माणसाने शब्दांतला भाव गाऊन पोचवला पाहिजे. त्यातूनच ऑपेरा जन्मला. मॉन्तेवेर्दीचा 'ऑर्फेओ' 1607 साली मांतुआच्या दरबारात झाला, तो आजही रंगमंचावर होतो. पण गायक एकटा पडला की त्याला खालून आधार हवा. तो आधार म्हणजे 'बासो कंटिन्युओ', अखंड चालणारा खर्ज.

ही गोष्ट आपल्या लोकांना चटकन कळेल. संगीतकार कागदावर फक्त खर्जाची ओळ लिहायचा आणि स्वरांपाशी बारीक आकडे घालायचा. खर्जाच्या वर कितवा स्वर घ्यायचा, एवढं त्या आकड्यांतून कळायचं. तो कुठे घ्यायचा, किती भरायचं, कुठे गप्प बसायचं हे सगळं हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) वाजवणाऱ्यावर. म्हणजे चांगल्या पेटीवाल्याची संगतच की! 'पाश्चात्त्य संगीतात सगळं लिहून ठेवलेलं असतं' हे आपण सर्रास म्हणतो, पण या काळाला ते पूर्णपणे लागू पडत नाही. हार्प्सिकॉर्डचा तो खणखणीत, थोडा कोरडा आवाज येतो कारण आत पक्ष्याच्या पिसाच्या दांडीचा तुकडा तार छेडतो. पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज वाढत नाही. म्हणून मग मुरक्या, कंप, स्वरांची आरास.

यानंतर हेन्री पर्सेलच्या 'डायडो अँड ईनियस'मधलं राणीचं शेवटचं गाणं ऐका. हा छोटा ऑपेरा 1689च्या सुमारास लंडनजवळ चेल्सीत मुलींच्या एका शाळेत झाला होता. राणी डायडोला प्रियकर सोडून गेलाय आणि ती मरणाच्या दारात उभी आहे. गाण्याआधी खर्ज एकटा उतरायला लागतो: तार षड्ज, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम. एकही पायरी न गाळता. आपल्याकडे दोन्ही निषाद, दोन्ही धैवत असे लागोपाठ सहसा कोणी घेत नाही, त्यामुळे कानाला ते उतरणं फारच टोचतं. पंचमावरून तो षड्जावर येतो आणि पुन्हा तेच. खर्ज नियतीसारखा फिरत राहतो आणि डायडो त्याच्या आवर्तनात मावत नाही. तिची ओळ त्याच्या समेवर संपत नाही, पुढे सांडते. 'माझी आठवण ठेव, माझी दैना विसर' या अर्थाचे तिचे शब्द आहेत. 'आठवण ठेव' एकाच स्वरावर ठेवलंय, जणू तिच्यात चाल बदलण्याचीही ताकद उरलेली नाही. मी हे गाणं कामं करता करता लावत नाही, बसूनच ऐकते.

विवाल्डी तुम्ही नकळत ऐकलेला असणारच. व्हेनिसमधल्या एका अनाथाश्रमात तो मुलींना शिकवायचा, आणि त्या मुलींचं वादन ऐकायला लांबून लोक यायचे. त्याचे 'चार ऋतू' 1725 साली छापले गेले. त्यातल्या 'वसंता'चा मधला संथ भाग लावा आणि खर्ज शोधा. सापडणार नाही! मेंढपाळ झोपलाय, व्हायोलिनं पानांसारखी सळसळतायत, आणि सगळ्यात खाली व्हायोला (व्हायोलिनचाच थोडा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ) अधूनमधून दोन ठोके देतो. तो मेंढपाळाचा कुत्रा भुंकतोय, तसं विवाल्डीने तिथे लिहूनच ठेवलंय. खालून ऐकायची सवय लागली की हा कुत्रा निसटत नाही.

हेंडेलचा 'मसाया' (डब्लिन, 1742) मोठ्या समूहगानाची आवड असेल तर घ्या, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी उरलेली जागा बाखला देते. हे दोघेही 1685 साली जर्मनीत, एकमेकांपासून फार लांब नाही अशा गावांत जन्मले आणि आयुष्यात कधी भेटले नाहीत.

बाख विशीत असताना, 1705 साली, बुक्स्टेहुडे या म्हाताऱ्या ऑर्गनवादकाला ऐकायला आर्नश्टाटहून ल्यूबेकला पायी गेला. अंतर सुमारे 400 किलोमीटर. रजा चार आठवड्यांची काढली होती, राहिला जवळपास चार महिने. परतल्यावर चर्चच्या मंडळींनी त्याला जाब विचारला. आपल्याकडच्या गुरूच्या शोधात निघालेल्या गवयांच्या गोष्टींसारखीच ही गोष्ट.

त्याची 'शाकोन' मात्र घाईने ऐकू नका. एकट्या व्हायोलिनसाठीच्या दुसऱ्या पार्टिटाचा (नृत्यांच्या चालींवर बेतलेल्या भागांची मालिका) हा शेवटचा भाग, हस्तलिखितावर साल 1720. वाजायला सुमारे पंधरा मिनिटं लागतात. चार चार मापांचा (माप म्हणजे मात्रांचा एक गट) खर्ज इथेही फिरतो, पण चार तारांच्या एकाच वाद्यावर खर्ज आणि चाल दोन्ही कशी धरणार? बाख खर्जाचा स्वर एक क्षण वाजवतो आणि सोडून देतो. पुढचा लेहरा तुम्ही मनात धरायचा. म्हणूनच ही रचना मी शेवटी सांगतेय: आधी 'कॅनन' आणि डायडो कानात मुरले असतील, तर हा न वाजणारा खर्ज ऐकू येतो.

निम्मं अंतर सरल्यावर एक जागा येते. तोवर सगळं कोमल गंधारात चाललेलं असतं, कधी संथ, कधी झाल्यासारखं अंगावर येणारं. अचानक आवाज खाली येतो आणि शुद्ध गंधार लागतो. खोलीत कुणीतरी हळूच दिवा आणून ठेवावा तसा. बराच वेळ तो उजेड राहतो, मग कोमल गंधार परत येतो. सगळ्यात शेवटी बाख दोन्हींपैकी कुठलाच गंधार घेत नाही, नुसता षड्ज लावतो आणि थांबतो.