बे, गैर, बिन, ना: नकार सारखाच, मग अर्थ वेगळे का?

प्रश्न असा आहे की बे, गैर, बिन, ना या सगळ्यांचा अर्थ 'नाही' असाच असेल, तर ते एकमेकांच्या जागी का चालत नाहीत? आणि शब्दाची फोड जमली की अर्थ कळला असं धरायचं का?

'समज' हा शब्द घ्या. नासमज म्हणजे ज्याला समजच नाही असा; हे विशेषण. गैरसमज झालेल्या माणसाला समज असते, ती भलतीकडे गेलेली असते, आणि शब्द नामच राहतो. गैरवापर, गैरवर्तन, गैरव्यवहार तसेच: वापर झाला, वर्तन झालं, व्यवहारही झाला, पण नको तसा. अरबीत गैर म्हणजे 'त्याहून दुसरा', तो अर्थ इथे शिल्लक आहे. पोलिसांच्या फिर्यादीत 'गैरकायद्याची मंडळी जमवून' असं लिहितात, तेही कायद्याबाहेरची या अर्थाने. गैरहजर, गैरसोय यांत मात्र साधा अभावच आहे.

फारसी 'बे' बहुतेक वेळा दोष दाखवतो. बेजबाबदार, बेसूर, बेहिशेबी: जे असायलाच हवं होतं ते नाही. (बेधडक आपण कौतुकानेही म्हणतो, ते सोडा.) 'बिन' तसा ठपका ठेवत नाही. बिनव्याजी कर्जाबद्दल घेणाऱ्याची तक्रार कशी असेल? शिवाय तो कुठल्याही कुळातल्या शब्दाला लागतो. व्याज संस्कृत, शर्त अरबी, पगार पोर्तुगीज. पण बिनव्याजी, बिनशर्त, बिनपगारी हे तिन्ही अस्सल मराठी वाटतात. मागचा प्रत्ययही बघत जा. बिनपगारी, बिनबुडाचा यांत 'ई' किंवा 'चा' लागून विशेषण होतं. 'बिनविरोध निवडून आले' यात काहीच न लागता क्रियाविशेषण.

आता फोडीचं. सामासिक शब्दांत ती दगा देऊ शकते. 'बरंवाईट' हा वैकल्पिक द्वंद्व, विग्रह 'बरं किंवा वाईट'. पण 'त्याचं काही बरंवाईट झालं तर' असं कुणी म्हणालं की त्यातलं 'बरं' कुणालाच ऐकू येत नाही. 'कमीजास्त झालं तर' याचंही तसंच. चहापाणी हा समाहार द्वंद्व, म्हणजे चहा, पाणी वगैरे. त्या 'वगैरे'त पाहुण्यांसमोर फराळ येतो, कचेरीत लाच येते. म्हणून विग्रह जरूर करा, पण शब्द दोन-तीन खऱ्या वाक्यांत घालून बघितल्याशिवाय अर्थ पक्का करू नका.