फास्ट-फोर टेनिसचे नियम नेमके काय आहेत, आणि नेहमीच्या खेळाडूला ते जड जातात का?

आपण विचारले आहे की, वर्षानुवर्षे नेहमीच्या पद्धतीने टेनिस खेळलेल्या माणसाला फास्ट-फोर पद्धतीच्या दुहेरी स्पर्धेत उतरायचे असेल, म्हणजे चार गेमच्या छोट्या सेटचे झटपट टेनिस खेळायचे असेल, तर त्याने नव्याने काय शिकावे. नियम चारच आहेत आणि पाच मिनिटांत पाठ होतात. त्यातला एक मला एका अख्ख्या सामन्याइतका महाग पडला आणि त्यावरून घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी नियम. जो चार गेम जिंकेल त्याचा सेट, आणि ३-३ अशी बरोबरी झाली की टायब्रेक, म्हणजे सेट ठरवणारा गुणांचा खास गेम. हा टायब्रेक पाच गुणांचा असतो. ४-४ झाल्यावर दोन गुणांच्या आघाडीची वाट पाहायची नाही, पुढचा एकच गुण सेट ठरवतो आणि कोर्टाच्या बाजू पहिल्या चार गुणांनंतर एकदाच बदलायच्या. गेममध्ये ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, झाला की अ‍ॅडव्हान्टेज नाही, म्हणजे दोन गुणांची आघाडी लागत नाही; तेथेही एकच निर्णायक गुण, आणि तो उजव्या चौकोनात खेळायचा की डाव्या, हे सर्व्हिस घेणारी जोडी ठरवते. दुहेरीत या गुणासाठी जोडीदारांनी आपसांत जागा बदलायच्या नसतात, म्हणून बाजू निवडणे याचा अर्थ सर्व्हिस कोण घेणार हे निवडणे. मिश्र दुहेरीत तेवढीही मोकळीक नाही. सर्व्हिस करणारी स्त्री असेल तर ती सर्व्हिस स्त्रीनेच घ्यायची, पुरुष असेल तर पुरुषाने. चौथा नियम असा की लेट, म्हणजे जाळीला घासलेली सर्व्हिस पुन्हा करणे, नाही. सर्व्हिसचा चेंडू जाळीच्या पट्टीला घासून योग्य चौकोनात पडला, तर तो चालू चेंडू.

हा प्रकार ऑस्ट्रेलियाच्या टेनिस संघटनेने जानेवारी २०१५ मध्ये पुढे आणला आणि त्याची जाहिरात म्हणून सिडनीत फेडरर आणि ह्युइट यांचा प्रदर्शनीय सामना झाला. पाच सेटनंतर फेडरर जिंकला. तेव्हापासून जुन्या वळणाचे खेळाडू याला पोरखेळ म्हणत आले आहेत, आणि त्यांत माझे मेहुणे आघाडीवर आहेत. त्यांना मी एकच गोष्ट दाखवतो. १९७० मध्ये अमेरिकन ओपनमध्ये टायब्रेक पहिल्यांदा आला तो टेनिसच्या गुणपद्धतीत सुधारणा सुचवणारे जिमी व्हॅन अ‍ॅलन यांच्या कल्पनेतून, आणि तो अगदी असाच होता: पाच गुण आधी करील तो विजयी, ४-४ वर एकच गुण. आज सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला, दोन गुणांच्या फरकाचा टायब्रेक त्या स्पर्धेत १९७५ मध्ये आला. म्हणजे ज्याला पोरखेळ म्हणून हिणवले जाते, तो नेहमीच्या टायब्रेकपेक्षा जुना आहे. मेहुण्यांना हे पटत नाही, पण त्यांना उत्तरही देता आलेले नाही.

आता तो सामना. मेहुणे आणि मी बारा वर्षे एकत्र दुहेरी खेळत आहोत. मी उजवीकडे, ते डावीकडे. फास्ट-फोरच्या पहिल्याच स्पर्धेत, उपांत्य फेरीत, एक-एक सेट झाल्यावर तिसऱ्यात ३-३ आणि टायब्रेकमध्ये ४-४ अशी बरोबरी झाली. शेवटचा गुण, सर्व्हिस समोरच्यांची आणि बाजू निवडायचा हक्क आमचा. मी उजवी बाजू मागितली, कारण समोरचा गृहस्थ डाव्या चौकोनात बाहेर वळणारी सर्व्हिस फार चांगली टाकत होता आणि मेहुण्यांचा बॅकहँड त्या दिवशी चालत नव्हता. (हे कारण मी त्यांना तेव्हा सांगितले नाही. नंतर सांगितले, आणि ती माझी दुसरी चूक.) त्याची पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरी त्याने जपून टाकली; ती पट्टीला लागून वर उडाली आणि आमच्या चौकोनात, जाळीपासून दोन हातांवर, मधल्या रेषेच्या अगदी जवळ पडली. माझा डावा हात आपोआप वर गेला आणि तोंडातून स्पष्ट, मोठ्याने ‘लेट’ असा शब्द निघाला. सर्व्हिसच्या रेषेवर उभे असलेले मेहुणे दोन पावलांवर होते. त्यांनी चेंडूकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि रॅकेट खाली केली. चेंडू दुसऱ्यांदा टप्पा घेऊन जाळीखाली घरंगळत गेला. खुर्चीवरच्या पंचांनी शांतपणे समोरच्यांना गुण, सेट आणि सामना दिला. सर्व्हिस करणारा गृहस्थ दुसरा चेंडू खिशातून काढत होता, म्हणजे आपण जिंकलो हे त्यालाही कळले नव्हते.

मेहुण्यांचे म्हणणे असे की, मी ओरडलो म्हणून ते थांबले, तेव्हा सामना मी घालवला. ऐकायला हे बिनतोड वाटते, आणि गेली तीन वर्षे घरातली सगळी मंडळी तेच धरून बसली आहेत. परंतु आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमपुस्तिकेतील पर्यायी पद्धतींच्या परिशिष्टात स्पष्ट तरतूद आहे की, दुहेरीत छोटे सेट, विना-अ‍ॅडव्हान्टेज आणि विना-लेट हे तिन्ही एकत्र असतील, तर जाळीला लागून योग्य चौकोनात पडलेली सर्व्हिस सर्व्हिस घेणाऱ्या जोडीपैकी कोणीही परतवू शकतो. कोणीही! नेहमीच्या टेनिसमध्ये जोडीदाराने चालू सर्व्हिस मारली तर गुण जातो. येथे तो त्याचा हक्क आहे. असा चेंडू बहुतेक वेळा जाळीजवळच मरतो आणि बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, उभ्या असलेल्या माणसाला तो गाठणे अवघड असते, म्हणूनच पुढे उभ्या असलेल्याला ही सवलत दिली आहे, असे माझे मत आहे. मी ओरडलो हे खरे; पण ज्याने नियम वाचला आहे तो जोडीदाराच्या ओरडण्याने थांबत नाही, पंचांच्या आवाजाने थांबतो. मेहुण्यांनी नियमांचा कागद घडी घालून बॅगेत टाकला होता. मी तो वाचला होता, आणि तरीही हात वर गेला, हे मात्र मला कबूल केले पाहिजे.

म्हणून आपल्याला सल्ला असा की, स्पर्धेपूर्वी किमान आठवडाभर सरावात लेट बंद करून खेळा आणि जोडीदारालाही खेळायला लावा. जाळीला घासणारी प्रत्येक सर्व्हिस दोघांनीही मारायला धावायचे, एकमेकांवर आदळलात तरी चालेल. बाकी तीन नियमांना सरावाची गरज नाही. सर्व्हिसचा क्रम मात्र विचारपूर्वक ठरवा: ४-२ असा संपणाऱ्या सेटमध्ये सहाच गेम होतात, म्हणजे चौघांपैकी दोघांना दोनदा आणि दोघांना एकदाच सर्व्हिस मिळते. ज्याची सर्व्हिस चांगली त्याने प्रत्येक सेट सुरू करावा; वयाचा मान येथे ठेवू नये. आम्ही ठेवला होता.

हा लॉटरीचा खेळ आहे, या तक्रारीत मला तथ्य वाटत नाही. या पद्धतीत सेट टोकाला गेला तरी ५१ गुणांपलीकडे जात नाही, आणि संयोजकांना तेच हवे असते. विम्बल्डनमध्ये २०१० साली इस्नर आणि माहूत यांचा सामना तीन दिवस चालला, शेवटचा सेट ७०-६८ झाला. ते ऐकायला छान आहे, पण दोन कोर्टांवर चोवीस जोड्यांची स्पर्धा उरकणाऱ्या माणसाला विचारून पाहा. उशिरा सूर सापडणाऱ्या खेळाडूला मात्र ही पद्धत क्रूर आहे. मेहुण्यांना सूर दुसऱ्या सेटच्या मध्यावर सापडतो, आणि येथे तोवर अर्धा सामना झालेला असतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. हे नियम सर्वत्र जसेच्या तसे नसतात. मिलानमध्ये २०१७ साली एटीपीची, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेची, तरुण खेळाडूंची स्पर्धा झाली, तेव्हा सेट चार गेमचे आणि टायब्रेक ३-३ वरच होता, पण तो नेहमीसारखा सात गुणांचा होता आणि सामना पाच सेटचा. अमेरिकन ओपनने २०२५ मध्ये मिश्र दुहेरी, अंतिम सामना सोडून, चार गेमच्या सेटवर खेळवली, तेथे टायब्रेक ४-४ वर ठेवला आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. शिवाय कोणीही चेंडू परतवावा ही जी सवलत मी एवढ्या जोरात सांगितली, ती परिशिष्टानुसार संयोजकांच्या मर्जीवर आहे; आपल्या स्पर्धेच्या कागदावर ती छापलेली नसेल, तर सामन्यापूर्वी पंचांना विचारून घ्या. आमच्या कागदावर ती शेवटून दुसऱ्या ओळीत होती. तो कागद मी जपून ठेवला आहे. मेहुण्यांचे म्हणणे आता असे आहे की, पंचांनी तोंडी सांगितले नाही ते त्यांना लागू होत नाही.

यंदा आम्ही पुन्हा त्याच जोडीने नाव दिले आहे. त्यांची एकच अट आहे: सर्व्हिस घेताना माझा डावा हात रॅकेटवरून सुटता कामा नये.