वर्तमानपत्रात ‘प्राध्यापकांची नेमणूक’ आणि ‘प्राध्यापकपदी बढती’ अशा दोन बातम्या येतात. दोन्हीत फरक काय?

फरक मोठा आहे. नेमणूक म्हणजे थेट भरती. पद रिकामं असतं, जाहिरात निघते, कोणीही पात्र माणूस अर्ज करतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनुसार प्रोफेसर व्हायला साधारणपणे पीएच.डी., 10 वर्षांचा अनुभव, किमान 10 शोधनिबंध आणि 120 संशोधन गुण लागतात.

बढतीला मात्र रिकामी जागा लागतच नाही. आहे त्याच खुर्चीतला माणूस कामाच्या जोरावर वरच्या पदाला जातो. पण म्हणून ती बातमी लहान समजू नका. माझी ताई इथे गोव्यातच कॉलेजात शिकवते. तिच्या बढतीच्या वेळी जेवणाच्या टेबलावर आठवडाभर फायलीच होत्या: प्रत्येक निबंधाची प्रत, प्रत्येक रिफ्रेशर कोर्सचं सर्टिफिकेट, वर्षावर्षाचे अहवाल. आई ताटं जमिनीवर वाढायची. मुलाखतीला बाहेरचे तज्ज्ञ बसतात, नुसत्या वर्षांवर काही मिळत नाही.

गोवा विद्यापीठात तिसरा प्रकारही दिसतो, अभ्यागत म्हणजे पाहुणे संशोधन प्राध्यापक. इतिहासकार दा. ध. कोसंबी, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा, कवी बाकीबाब बोरकर यांच्या नावाची अध्यासनं, म्हणजे मानाची पदं आहेत. ती कायमची नोकरी नव्हे. बाहेरचे नामवंत थोड्या काळासाठी येतात, शिकवतात. त्यांची व्याख्यानं सर्वांना खुली असतात, तेव्हा जमलं तर ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात एकदा जाऊन ऐकाच.