जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) मालिकेतल्या व्हाइस सिटी या गेममधलं खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन जमत नाही. कंट्रोल खराब आहेत की माझा हात बसलेला नाही?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपला नमपॅड (कीबोर्डच्या उजव्या टोकाचा आकड्यांच्या बटणांचा गट) नाही, गेम पीसीवरची जुनी आवृत्ती आहे, 'डिमोलिशन मॅन' मिशनमध्ये (हेलिकॉप्टरने इमारतीत चार बॉम्ब नेऊन ठेवायचे असतात) चारपैकी दोन बॉम्बच्या पुढे जाता येत नाही आणि मित्र म्हणतात, 'नाचता येईना अंगण वाकडं.' शेवटी गेमपॅड घ्यावा का, असंही विचारलंय.

मित्रांना सांगा, या मिशनात अंगण खरोखर वाकडं आहे. कुठे वाकडं आहे ते बोट ठेवून दाखवता येतं.

गेम सुरू झाल्यापासून डब्ल्यू बटणाचा अर्थ एकच असतो: पुढे. पायी असलात तर पुढे चाला, गाडीत असलात तर गॅस द्या, बोटीतही तेच. कित्येक तास खेळून बोटांना हे इतकं पाठ होतं की डोकं मध्ये येतच नाही. मग हे मिशन देणारं पात्र, एव्हरी कॅरिंग्टन, तुम्हाला त्या टॉप फन नावाच्या व्हॅनमध्ये बसवतो आणि अचानक डब्ल्यूचा अर्थ होतो 'वर'. पुढे जाण्याचं काम नमपॅडकडे जातं. बाजूला कलण्याची आणि जागच्या जागी तोंड फिरवण्याची बटणं आणखी वेगळी. आता बंद इमारतीत, डोक्यावर छत आणि समोर हातोडा घेतलेला मजूर असताना माणूस घाबरून कुठलं बटण दाबेल? डब्ल्यूच. हेलिकॉप्टर छताला धडकतं, खाली येतं, पुन्हा धडकतं. हा 'हात न बसल्याचा' परिणाम नाही. हात फार चांगला बसलाय, म्हणूनच हे होतं.

हा गेम 2002 साली आधी प्लेस्टेशन 2 वर आला, पीसीवर 2003 मध्ये. प्लेस्टेशनवर हे मिशन अवघड आहे, पण वाकडं नाही. तिथे चालणं गेमपॅडच्या डाव्या काडीवर (अंगठ्याने लोटायच्या स्टिकवर) आहे आणि हेलिकॉप्टरचं नाक झुकवणंही डाव्या काडीवरच. म्हणजे 'अंगठा पुढे लोटला की पुढे' हे नातं टिकून राहतं. उंची मिळते गाडीच्या गॅसच्या बटणावर, आणि ते बटण दुसऱ्या अंगठ्याखाली आहे, त्यामुळे गोंधळ होत नाही. पीसीवर आणताना गॅसचं बटण डब्ल्यू होतं, म्हणून उंची आपोआप डब्ल्यूवर गेली, आणि नाक झुकवायला जागा उरली नाही म्हणून ते काम नमपॅडला दिलं गेलं. प्लेस्टेशनवर दोन अंगठ्यांत मावणारी गोष्ट कीबोर्डच्या दोन टोकांना विखुरली. तुमच्याकडे तर त्यातलं एक टोकच नाही.

आता उपाय. आधी हेलिकॉप्टर हवेत येऊ द्या, मग पॉज करून कंट्रोल बदलायच्या यादीत जा. घाई करून आधीच बदललंत तर व्हॅनपर्यंत गाडी चालवताना हाल होतील, कारण गाडीचा गॅस आणि हेलिकॉप्टरची उंची ही एकच ओळ आहे. यादीत गॅसला आय आणि ब्रेकला के द्या. त्यानंतर ज्या ओळींसमोर नमपॅडची बटणं दिसतात त्यांतल्या नाक खाली-वर करण्याच्या दोन ओळींना डब्ल्यू आणि एस द्या. क्रम उलटा केलात तर एकाच बटणावर दोन कामं चढतात किंवा जुनं काम बटणाविना राहतं, म्हणून आधी गॅस हलवा. आता डावा हात 'पुढे-मागे' सांभाळतो, उजवा 'वर-खाली'. मिशन संपलं की डिफॉल्टवर परत या, नाहीतर पुढच्या पाठलागात गॅस शोधत बसाल.

यादीत गेलाच आहात तर डिस्प्लेच्या पानावरचा फ्रेम लिमिटरही (सेकंदाला किती चित्रं काढायची त्यावर मर्यादा घालणारा पर्याय) चालू करा. बरेच जण 'गेम स्मूथ होतो' म्हणून तो बंद करतात. त्या काळच्या इंजिनात हालचालीचा काही हिशोब फ्रेमला बांधलेला आहे, त्यामुळे आजच्या मशीनवर फ्रेम सुटे सोडले की वजन, वेग, उसळी सगळं बिघडतं. याच मालिकेतल्या सॅन अँड्रियासमध्ये लिमिटर बंद करून नायक सीजेला पोहायला लावा, तो पाण्यात जवळजवळ जागच्या जागी राहतो. लोक याला 'गेम बेकार आहे' म्हणतात.

उडवण्याची पद्धत अशी. उंचीचं बटण दाबून धरायचं नाही, टिचक्या मारायच्या. दाबून धरलं की वेग साठत जातो आणि बटण सोडल्यावरही यंत्र काही क्षण वरच जात राहतं. त्या काही क्षणांत छत येतं. पुढे जायलाही एक टिचकी, आणि थांबायला उलट दिशेची एक टिचकी. उलटी टिचकी न मारता नुसतं बटण सोडून थांबायला बघणारे भिंतीवरच थांबतात. जिन्यात तर वर चढणं आणि पुढे जाणं कधीही एकत्र करू नका: आधी जिन्यासमोर तोंड सरळ करा, मग उंची घ्या, मग पुढे. वळायचं असेल तर जिन्याच्या वळणावरच्या मोकळ्या जागेत वळा. चढता चढता वळलात की शेपूट कठड्याला लागते. शिवाय कॅमेरा मागून येत असतो, त्याला वळायला वेळ लागतो आणि अरुंद जागेत तो भिंतीत घुसल्यासारखा होतो. म्हणून वळल्यावर अर्धा सेकंद थांबा, कॅमेरा पाठीमागे येऊ द्या. घड्याळ चालू असताना हा अर्धा सेकंद जिवावर येतो, पण धडकलं की त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

घड्याळाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते: पहिला बॉम्ब उचलेपर्यंत ते सुरू होत नाही. त्याआधी रिकाम्या हेलिकॉप्टरने सगळे मजले फिरून घ्या आणि पंख्याच्या पात्यांनी गार्ड आणि मजूर संपवा. वाट पाठ होते, मागून गोळ्या येत नाहीत, आणि यंत्राची सवयही इथेच करून घेता येते. एका वेळी एकच बॉम्ब नेता येतो, म्हणजे चार खेपा. मी सर्वांत वरची खेप आधी करायला सांगेन, कारण शेवटी वेळ संपत आल्यावर हात थरथरतो आणि तेव्हा लांबचा जिना नको.

मिशन रचणाऱ्यांवर माझा खरा राग इथे आहे. सरावाची जागा त्यांनी ठेवली होती, पण तसं ठळकपणे सांगितलं नाही. बॉम्ब नजरेत येईल असा मांडला आणि 'उचल' म्हणाले. उचलला की घड्याळ सुरू. एक ओळ ठळकपणे लिहिली असती तरी कित्येकांनी हे मिशन पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत केलं असतं.

गेमपॅड घ्यावा का? या गेमसाठी घेतलात तर एक अडचण ठरलेली आहे. व्हाइस सिटी डायरेक्टइनपुटच्या (विंडोजमधली गेमपॅड ओळखण्याची जुनी पद्धत) काळातली आहे. एक्सबॉक्स पद्धतीच्या गेमपॅडचे दोन्ही ट्रिगर (तर्जनीखालचे खटके) त्या पद्धतीत एकाच अक्षावर येतात: डावा दाबला की काटा एकीकडे, उजवा दाबला की दुसरीकडे, दोन्ही दाबले की मध्ये. जुना गेम त्यांना बटण म्हणून ओळखत नाही. म्हणून उंची ट्रिगरवर देण्याच्या फंदात पडू नका, ए आणि एक्स या बटणांवर द्या. काडी स्वस्त असेल तर ती मध्यावर नीट येत नाही आणि हेलिकॉप्टर आपोआप एका बाजूला कलत राहतं. तेव्हा हात चुकतोय असं समजू नका, विंडोजमध्ये कॅलिब्रेशन करून काटा मध्ये येतो का बघा.

आणि आता त्या 'हात बसला की सगळं जमतं' म्हणणाऱ्यांबद्दल, कारण हा वाद माझा जुना आहे. एका कीबोर्डवर दोघं मुस्तफा खेळताना (कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, 1993, पण नाव मुस्तफाच) एकाचा ठोसा लागत नाही आणि दुसरा म्हणतो, तुला खेळता येत नाही. हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याने एक करावं: नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट एकदम दाबून धरा आणि ए ते झेड टाइप करा. स्वस्त कीबोर्डवर काही अक्षरं उमटणारच नाहीत. बटणांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली गेली की चौथंही दाबलं गेलंय की काय हे कीबोर्डला कळत नाही, म्हणून तो एखादं बटण सरळ गिळतो. दोघांची मिळून पाच-सहा बटणं एका वेळी दाबली जात असतील तर कुणाचा तरी ठोसा गिळला जाणारच. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट यांच्या तारा बहुतेक वेळा वेगळ्या असतात, म्हणून मारण्याची बटणं तिथे ठेवली तर निम्मी भांडणं मिटतात. पण शिफ्ट पाच वेळा दाबली की विंडोजची स्टिकी कीजची खिडकी ऐन फायटिंगमध्ये उगवते, ती आधी बंद करून ठेवा. तुमच्या मिशनसाठी हेच: डब्ल्यू, ए आणि आय एकदम दाबून तिन्ही लागतात का ते बघा. नाही लागले तर आयऐवजी शेजारचं दुसरं बटण घ्या.

चांगलं डिझाइन काय करतं ते पाहायचं असेल तर सेलेस्ट (2018) खेळा. अत्यंत अवघड गेम आहे, पण त्यात मेलात तर चूक आपली आहे असंच वाटतं. कारण तो गुपचूप तुमच्या बाजूने असतो. कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण एक दशांश सेकंदापर्यंत उडी मान्य होते. डोकं कोपऱ्याला चार पिक्सेलनी लागत असेल तर गेम पात्राला हळूच बाजूला सरकवतो. जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेली उडी तो लक्षात ठेवतो. यातलं काहीही पडद्यावर दिसत नाही. ही सवलत काढली की तोच गेम 'बटण लागत नाही' म्हणून शिव्या खाईल. हात तोच, खेळाडू तोच.

वाट शोधण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या प्रश्नाचाच तो दुसरा भाग आहे. व्हाइस सिटीत रडारवर (पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) फक्त खूण दिसते, रस्ता दिसत नाही. त्यामुळे पूल कुठे, स्टारफिश आयलंड कुठे, हे पाठ होतं. 2008 च्या जीटीए फोरमध्ये रडारवर रस्त्याची रेघ आली आणि शहर कितीतरी सुंदर झालं तरी डोळे खालच्या डाव्या कोपऱ्यातच चिकटले. रेघ सोयीची आहे, पण रेघेवर दहा तास गाडी चालवून शहर पाठ होत नाही. ज्या गेममध्ये ती बंद करता येते तिथे एखादी संध्याकाळ बंद करून बघा.

इतकं बोलल्यावर एक सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी रेझिडेंट ईव्हल काढेलच. 1996 च्या त्या गेममध्ये पात्र रणगाड्यासारखं वळतं आणि ते वाईट डिझाइन नाही. कॅमेरे स्थिर आहेत, दार ओलांडलं की दृश्याची दिशा बदलते. 'वर' म्हणजे पात्राचं नाक जिकडे तिकडे, असं ठरवल्यामुळेच कॅमेरा बदलला तरी तुम्ही सरळ चालत राहता. अडखळणं आहे, पण नियम एकच आहे आणि तो पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बदलत नाही. तिथे 'सवय होऊ दे' म्हणणारे बरोबर आहेत. व्हाइस सिटीत नियम मधेच बदलतो, म्हणून तिथे ते चूक आहेत.

आणि कथा अडलीय म्हणून जीव काढत असाल तर सोडून द्या. कॅरिंग्टनचं हे काम शेवटच्या मिशनपर्यंत पोहोचायला लागत नाही, शंभर टक्के करायचे असतील तरच लागतं. यूएसबीचा सुटा नमपॅड आणलातच, तर नमलॉकचा दिवा लागलाय का ते आधी बघा.